कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या वयस्कर रुग्णांची त्वचा कशी जपायची: वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

कॅन्सर वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टरचे लक्ष आधी केमोच्या पंपाकडे, सलाईनच्या थेंबांकडे आणि रक्ताच्या रिपोर्टकडे जाते. ते साहजिकच आहे. पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाची त्वचा रोज कुणी नीट पाहिली नाही, तर त्याच उपचारात खंड पडतो. मानेवर ओली जखम झाली की रेडिएशन थांबते, तळपाय सोलवटले की गोळ्या थांबतात, पाठीला जखम झाली की पुढची केमो लांबते. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनचे दिवस वाया गेले, तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता दिवसामागे साधारण एका टक्क्याने घटते. म्हणून त्वचेची काळजी मी उपचाराचाच भाग मानते, आणि तुम्हीही मानावी असे मनापासून वाटते.

दुसरी अडचण अशी, की ही पिढी सांगत नाही. "वयच झालंय आता", "होईल बरं", "तुम्हाला कशाला उगाच त्रास" असे म्हणत आजी-आजोबा खाज, आग, ठणका अंगावर काढतात. काहींना मधुमेहामुळे किंवा केमोमुळे पायांना बधिरता आलेली असते, त्यांना दुखतच नाही. त्यामुळे "काही त्रास आहे का?" या प्रश्नावर विसंबू नका. कपडा बाजूला करून, स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी रोज पाहायचे, हा या कामातला पहिला नियम.

ही त्वचा इतकी नाजूक का

वयाबरोबर त्वचेचे वरचे आवरण पातळ होते. वरचा आणि खालचा थर तरुणपणी एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. तो सांधा म्हातारपणी सपाट होतो आणि थोड्याशा ओढीने वरचा थर सरकतो. दुधावरच्या सायीसारखी ही त्वचा आहे, असे समजून हात लावा. तेलग्रंथी कमी काम करतात म्हणून कोरडेपणा आणि खाज. बारीक रक्तवाहिन्या ठिसूळ होतात म्हणून हातावर जांभळे डाग. त्यात मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, केमोसोबत दिलेले स्टेरॉइड आणि कमी झालेले खाणे यांची भर पडते. कॅन्सरची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात, आणि त्वचेच्या तळाशी असलेल्या, नवी त्वचा घडवणाऱ्या पेशी त्याच प्रकारच्या. म्हणजे झीज वाढते आणि भरून येण्याचा वेग मंदावतो.

भरतीच्या दिवशी: डोक्यापासून पायापर्यंत

पडदा ओढा, उजेड नीट असू द्या, हात धुऊन गरम करून घ्या. "आजोबा, आता तुमचं सगळं अंग एकदा बघते, म्हणजे पुढे कुठे काही झालं तर लगेच कळेल," असे सांगून परवानगी घ्या. आजींना संकोच वाटतो, तिथे घाई करू नका.

टाळूपासून सुरुवात करा. कानांमागे पाहा, कारण ऑक्सिजनच्या नळीने तिथे पहिली जखम होते. नाकात राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) असेल तर नाकपुडीची कड पाहा. मग मान, काखा, स्तनांखालची घडी, नाभी, जांघा, माकडहाड, नितंबांमधली फट, टाचा आणि शेवटी पायांच्या बोटांमधल्या बेचक्या. घड्यांमध्ये पांढरट ओल आणि कडेने बारीक सुटे पुरळ दिसले तर बुरशीचा संसर्ग धरून डॉक्टरांना दाखवा. गजकर्ण दिसले तर "मेडिकलमधून कुठली ट्यूब आणून लावता?" हे जरूर विचारा. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचे औषध एकत्र असलेल्या ट्यूब आपल्याकडे सर्रास लावल्या जातात. त्यामुळे गजकर्णाचे रूप बदलते, त्वचा आणखी पातळ होते आणि निदान चुकते.

माहिती घेताना काही गोष्टी सुटू देऊ नका: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, फिट्सचे औषध आहे का, सल्फाची ॲलर्जी आहे का, आधी कधी रेडिएशन झाले आहे का आणि नेमके कुठे, स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी कोणत्या बाजूच्या काढल्या. यातले प्रत्येक उत्तर पुढे कधी ना कधी उपयोगी पडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पुस्तकांत "लालसरपणा पाहा" असे लिहिलेले असते आणि चित्रे गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या, काळ्या त्वचेवर लाली दिसतेच असे नाही. तिथे त्वचा आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट किंवा राखाडी होते, चकाकते, ताणल्यासारखी दिसते. म्हणून हाताची पाठ लावून ऊब पाहा, बोटाने हलके दाबून ती जागा टणक की पिलपिलीत ते पाहा आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच जागेशी तुलना करा. डाव्या टाचेपेक्षा उजवी गरम आणि टणक लागली, तर रंग कसाही असो, ती टाच धोक्यात आहे.

जे दिसले ते शरीराच्या आकृतीवर खूण करून, सेंटिमीटरमध्ये माप घेऊन लिहा. "स्किन इन्टॅक्ट" एवढेच लिहिले तर दुसऱ्या दिवशीच्या सिस्टरला काहीच कळत नाही.

रोजची अंघोळ आणि मलम

कढत पाण्याने अंघोळ केल्याशिवाय अंघोळ झाल्यासारखे वाटत नाही, असे बरेच आजोबा म्हणतील. तरी पाणी कोमटच हवे आणि अंघोळ लवकर आटोपायची. डेटॉल-सॅव्हलॉन पाण्यात टाकायचे नाही. उटणे, घासणी, वज्री, जाडाभरडा टॉवेल काही काळ बाजूला. सौम्य, बिनवासाचा साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना पुरतो. अंग पुसताना चोळू नका, टिपून घ्या. त्वचा थोडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर केसांच्या दिशेने लावा. महागडे लागत नाही, पांढरे पेट्रोलियम जेलीही चालते. पायांना लावल्यावर मात्र लगेच चालू देऊ नका. तेलकट तळव्यांनी फरशीवर घसरून मांडीचे हाड मोडले, तर सगळा उपचारच बाजूला पडतो.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचे मलम लिहिले असेल तर माप असे: ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हे नातेवाइकांना करून दाखवा, नुसते सांगू नका.

रेडिएशनने होणारा त्वचादाह

रुग्ण याला "लाईट" म्हणतात. लाईट सुरू झाल्यावर पहिला आठवडा काहीच दिसत नाही आणि घरचे निर्धास्त होतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचा गडद, कोरडी, खाजरी होते. पुढे कोंडा सुटल्यासारखी सालपटे निघतात. काहींना त्यानंतर घड्यांमध्ये, म्हणजे काखेत, स्तनाखाली, मानेच्या वळ्यांत, ओली जखम होते. ती घडीबाहेर पसरली किंवा जरा धक्का लागताच रक्त येऊ लागले, तर प्रकरण गंभीर. दाहाचा जोर बहुधा लाईट संपतानाच्या दिवसांत आणि त्यानंतर आठवडा-दोन आठवडे सर्वाधिक असतो. म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर. हे आधीच सांगून ठेवले नाही तर घरचे घाबरतात आणि गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन भलतेच काही लावून येतात.

काळजी घेताना या क्रमाने जा.

आधी लाईट नेमकी कुठे पडते ते पेपरवर पाहा. फक्त समोरची बाजू पाहून थांबू नका. गळपट्टीच्या हाडावर वरून लाईट दिली जाते तेव्हा तिचा मारा आरपार जाऊन पाठीच्या वरच्या भागावरही त्वचा काळवंडते, आणि ती जागा रुग्णाला स्वतःला दिसत नाही.

मग धुणे. "लाईट चालू असताना पाणी लावू नका" हा जुना सल्ला अजून ऐकू येतो. तो सोडून द्या. कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुतल्याने नुकसान होत नाही, उलट खाज आणि संसर्ग कमी होतो. फक्त मार्किंगच्या रेषा, म्हणजे लाईटची जागा दाखवणाऱ्या त्वचेवरच्या खुणा, पुसल्या जाऊ नयेत. पुसट झाल्या तर आपण पेनने गिरवायच्या नाहीत, रेडिएशनच्या टेक्निशियनला सांगायचे.

नंतर घर्षण. ब्लाउजची शिवण, ब्राचा पट्टा, शर्टाची कडक कॉलर, नायलॉनची ओढणी या सगळ्यांऐवजी जुने, धुऊन मऊ झालेले सुती कपडे. पुरुषांनी मानेवर ब्लेड फिरवू नये, दाढी करायचीच तर ट्रिमरने. दाढीनंतर तुरटी किंवा आफ्टरशेव्ह नको. लाईटच्या जागेवर चिकटपट्टी कधीच नाही. गरम पिशवी नाही, बर्फही नाही. उन्हात जाताना पदर किंवा सुती रुमाल.

इथे एक नाजूक गोष्ट येते. मानेला लाईट चालू असलेल्या आजींच्या गळ्यात मंगळसूत्र असते, वारकरी आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ असते, कुणाच्या खांद्यावरून जानवे गेलेले असते. मण्यांच्या घर्षणाने नेमकी तिथेच त्वचा उलते. "काढा ते" असे फर्मान सोडू नका. आजींनी आयुष्यात कधी ते गळ्यातून उतरवलेले नसते. जवळ बसा, आरसा धरून मण्यांखालची काळी पडलेली रेघ दाखवा आणि विचारा, "आजी, लाईट संपेपर्यंत हे मनगटाला गुंडाळलं तर चालेल का तुम्हाला?" बहुतेक जणी मनगटाला बांधतात. माळही मनगटावर घेता येते किंवा उशाशी मऊ फडक्यात ठेवता येते. निर्णय त्यांचा, आणि वस्तू त्यांच्या नजरेसमोर राहिली पाहिजे.

औषधांपैकी मोमेटासोनसारखे स्टेरॉइडचे क्रीम डॉक्टर सुरुवातीपासूनच देऊ शकतात. स्तनाच्या रेडिएशनमध्ये त्याने दाह कमी होतो असे दिसून आले आहे. फाटलेल्या, ओल्या त्वचेवर मात्र ते लावायचे नाही. लाईटला जायच्या अगदी आधी कुठल्याही क्रीमचा जाड थर नको.

ओली जखम झाली तर: ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास वेदनाशामक द्या. नॉर्मल सलाईन कोमट करून हळूच ओता, कापसाने रगडू नका. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, बीटाडीन या कोवळ्या जागेला नको. न चिकटणारे जाळीदार किंवा सिलिकॉनचे ड्रेसिंग ठेवा आणि टेपऐवजी गोल जाळीची पट्टी किंवा मऊ बँडेज वापरा. सिल्व्हर सल्फाडायझिन लिहिले असेल तर सल्फाची ॲलर्जी पुन्हा विचारा. रोज लाईटआधी ते सगळे हळूच धुऊन काढायला लागते, आणि वयस्कर माणसाला ते फार दुखते. म्हणून लाईट चालू असताना कोणते ड्रेसिंग सोयीचे, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. हिरवट स्राव, वाढता वास, ताप, अचानक वाढलेला ठणका ही संसर्गाची लक्षणे. स्वॅब घ्यायला सांगतील, तयार राहा.

केमो: शिरेबाहेर गेलेले औषध

नव्या सिस्टरने यासाठी सर्वांत सावध राहावे, कारण इथे मिनिटांचा हिशोब असतो. डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन, व्हिनब्लास्टिन, मायटोमायसिन ही औषधे शिरेबाहेर झिरपली तर मांस जळते. म्हाताऱ्या शिरा दिसतात ठळक, पण सरकतात आणि फुटतात.

शीर शोधताना टर्निकेट उघड्या त्वचेवर आवळू नका, बाहीवरून सैल बांधा. शक्यतो पुढच्या हाताची, म्हणजे मनगट आणि कोपर यांमधली शीर घ्या. मनगट, कोपराचा सांधा आणि हाताची पाठ टाळा. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात नको. आधीच्या सुईने आदल्या दिवशी शीर फुटली असेल तर त्याच शिरेत तिच्या खाली टोचू नका. वरून पारदर्शक ड्रेसिंग लावा आणि हात चादरीबाहेर ठेवा. रक्त मागे येते की नाही, हे औषधाआधी आणि औषध चालू असताना वारंवार पाहा. अशा वेळी रुग्णाला सोडून जायचे नाही. गोंधळलेले, झोपेत असलेले, ऐकू न येणारे आजोबा "जळजळतंय" असे सांगणार नाहीत. ते हात ओढतात, कपाळाला आठ्या पडतात, तेवढीच खूण मिळते.

शंका जरी आली तरी:

१. औषध तिथेच थांबवा. कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) काढू नका.
२. सिरिंज लावून जेवढे औषध मागे ओढता येईल तेवढे ओढा. सलाईनने फ्लश करू नका.
३. डॉक्टरांना बोलवा, एक्स्ट्राव्हॅसेशन किट (औषध शिरेबाहेर गेल्यावर लागणाऱ्या सामानाचा संच) आणायला सांगा.
४. कॅन्युला काढल्यावर जागा दाबू नका, चोळू नका. कडेने पेनने रेघ मारा, माप घ्या, फोटो काढा.
५. हात उंचावर ठेवा.
६. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांना थंड शेक, १५ ते २० मिनिटे, दिवसातून चार वेळा. व्हिन्क्रिस्टिनच्या गटाला कोमट शेक. इथे उलटापालट झाली तर नुकसान वाढते. ऑक्झालिप्लॅटिनला थंड शेक नको.

डॉक्सोरुबिसिनच्या गटासाठी डेक्सराझोक्सेन हे उतारा-औषध आहे आणि ते सहा तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ते द्यायच्या किमान १५ मिनिटे आधी थंड पिशवी काढायची. आपल्या वॉर्डात हे किट कुठे ठेवले आहे, हे रुजू झाल्याच्या दिवशीच पाहून ठेवा. बर्फाची पिशवी म्हाताऱ्या त्वचेला थेट टेकवू नका, मध्ये कापड हवे. आणि दुसऱ्या दिवशी काही दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. अशा जखमा दिवसांनी, कधी आठवड्यांनी वर येतात.

हात-पाय सोलवटणे

कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे खूप दिसते. आधी तळहात-तळपायांना मुंग्या, मग आग, सूज, काळपटपणा, भेगा, फोड. वयस्करांची मूत्रपिंडे मंदावलेली असतात, औषध शरीरात जास्त साठते, म्हणून त्रासही अधिक. "हात दुखतात का?" असे मोघम विचारू नका. "चहाचा कप धरता येतो का? शर्टाची बटणं लागतात का? चप्पल घालून संडासला जाता येतं का?" यांपैकी एकालाही "नाही" आले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना कळवा. बऱ्याचदा थोडे दिवस गोळी थांबवून, डोस कमी करून उपचार चालू ठेवता येतो. पण फोड येईपर्यंत कुणी बोललेच नाही, तर खंड मोठा पडतो.

घरी काय करायचे: १० टक्के युरियाचे क्रीम दिवसातून दोनदा. गरम पाण्यात भांडी-कपडे नकोत. भाकरी थापणे, गरम तव्याजवळचे काम, खुरपे-विळा घट्ट धरणे काही काळ दुसऱ्या कुणाकडे. शेतातल्या आजींना हे पटवणे अवघड जाते, म्हणून सुनेला किंवा मुलाला समोर बसवूनच सांगा. पायात मऊ चप्पल, अनवाणी नाही. दिल्लीच्या एम्समधला २०२४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुम्हाला माहीत असायला हवा. २६४ रुग्णांपैकी ज्यांनी हातांना १ टक्का डायक्लोफेनॅक जेल लावले, त्यांच्यात मध्यम ते तीव्र त्रास ३.८ टक्क्यांना झाला, साधे जेल लावणाऱ्यांत १५ टक्क्यांना. घरात पडलेली, सांधेदुखीवर वापरायची ही स्वस्त ट्यूब आहे. पण ते प्रतिबंधासाठी, न फाटलेल्या त्वचेवर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

एक व्यवहारातली अडचण कुणीच सांगत नाही. कॅपेसिटाबिनच्या गोळीने बोटांचे ठसे पुसट होतात. मग रेशन दुकानातल्या मशिनवर अंगठा लागत नाही, बँकेत आधार जुळत नाही, पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला अडतो. आजोबांना वाटते आपलीच काही चूक झाली. त्यांना आधीच सांगा की हे औषधामुळे होते आणि हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. रेशनसाठी घरातल्या दुसऱ्या सदस्याचा ठसा चालतो का, ते दुकानात विचारून ठेवायला सांगा.

नव्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी

फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब यांसारख्या गोळ्यांनी पहिल्या एक-दोन आठवड्यांत चेहरा, छाती, पाठ यांवर पुटकुळ्या येतात. त्या तारुण्यपिटिका नव्हेत. नातवाचे पिंपल्सचे क्रीम लावले तर चेहरा आणखी सोलतो. साधे मॉइश्चरायझर, उन्हापासून आडोसा आणि डॉक्टरांनी लिहिलेले सौम्य स्टेरॉइड क्रीम किंवा डॉक्सिसायक्लिन. ही कॅप्सूल भरपूर पाण्यासोबत, बसून घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण होतो. काही आठवड्यांनी नखांच्या कडा सुजतात. नखे सरळ कापा, कोपरे खणू नका.

पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब यांसारख्या इम्युनोथेरपीत त्वचेचा त्रास महिन्यांनीही उद्भवू शकतो. पुरळ नसताना नुसती असह्य खाज सुटली, तर "म्हातारपणाची खाज" म्हणून सोडून देऊ नका. वयस्करांत काही वेळा तिच्यामागून मोठे, ताठ फोड येतात. त्या खाजेची नोंद करा, डॉक्टरांना दाखवा. घरात आणखी कुणाला रात्री खाज येते का, हेही विचारा. खरूज असेल तर सगळ्या घराला औषध लागते.

अंथरुणावर असलेला रुग्ण

ब्रॅडेन स्केलवर, म्हणजे दाबाने जखम होण्याचा धोका मोजणाऱ्या गुणतक्त्यावर, गुण १८ किंवा त्याहून कमी आले तर धोका धरा. दोन तासांनी कूस बदला, पण पूर्ण कुशीवर नको. पाठीमागे उशी देऊन ३० अंशांचा कल पुरे. टाचा पलंगापासून अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी द्या. वर सरकवताना ओढू नका, ड्रॉ-शीटने (रुग्णाखाली घातलेल्या आडव्या चादरीने) दोघांनी उचला.

बॅक केअर म्हणजे स्पिरिट चोळायचे आणि पावडर मारायची, असे आपल्यापैकी अनेकांना शिकवले गेले. या रुग्णांना ते करू नका. स्पिरिट त्वचा सुकवते, चोळण्याने हाडावरची नाजूक जागा आतून फाटते आणि घामात पावडरीचे खरखरीत गोळे होतात. तसेच टाचेखाली पाण्याने भरलेले ग्लोव्ह आणि माकडहाडाखाली हवेची गोल रिंग. दोन्हींनी दाब कमी होत नाही, कडेला वाढतो.

डायपरचा दाह वेगळा ओळखा. तो हाडावर नसतो, ओल लागते तिथे पसरट असतो आणि झोंबतो. प्रत्येक वेळी मऊ ओल्या फडक्याने पुसा, टिपा, झिंक ऑक्साइडचा थर द्या. पुढच्या वेळी फक्त मळलेला वरचा थर काढा. सगळे झिंक खरवडून काढाल तर त्वचाही निघेल.

टेप काढताना उपटू नका. कडेला खोबरेल तेलाचा थेंब सोडा, एका हाताने त्वचा दाबून धरा आणि टेप त्वचेलगत दुमडत सावकाश मागे घ्या. तरीही कातडी फाटलीच, तर दाबून रक्त थांबवा, सलाईनने धुवा, सुटलेला पापुद्रा कापू नका. ओल्या गॉजने तो हलकेच मूळ जागी पसरवा, वर सिलिकॉनचे ड्रेसिंग लावा. ड्रेसिंगवर तारीख आणि कोणत्या दिशेने काढायचे त्याचा बाण काढा, म्हणजे पुढची सिस्टर पापुद्रा उलटा ओढणार नाही. पाच-सात दिवस ते उघडू नका, खालून स्राव पाझरला तरच बदला. अंगठी आणि वाढलेली नखे आपण ड्युटीला येण्याआधीच काढलेली बरी.

ताबडतोब डॉक्टरांना बोलवा

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक आणि त्वचेवर कुठेही जखम. पांढऱ्या पेशी कमी असताना पू होत नाही, सूजही फारशी येत नाही. वयस्करांत तर तापाऐवजी नुसता गोंधळ, सुस्ती, जेवणावरून मन उडणे एवढेच दिसते. अशा रुग्णाला गुदद्वारातून थर्मामीटर किंवा एनिमा द्यायचा नाही.

त्वचा दुखते, ताप आहे, तोंड-डोळे-लघवीची जागा सोलवटली आहे, नव्याने डाग उमटत आहेत: हे जीवघेणे असू शकते. फिट्सची औषधे, ॲलोप्युरिनॉल, सल्फा यांच्यानंतर विशेष लक्ष ठेवा. डोक्याला लाईट चालू असताना फेनिटॉइन हे फिट्सचे औषध घेणाऱ्यांवर तर रोज नजर हवी. संशयित औषधाचा पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाणीदार फोड, त्याआधी दोन-तीन दिवस तिथे आग किंवा कळ: नागीण. घरचे गेरू लावतात, मंत्र टाकून घेतात. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, एवढेच सांगा की फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत नागिणीच्या विषाणूवरची गोळी सुरू झाली तर फायदा अधिक. तोपर्यंत फोड झाकून रुग्णाला इतर केमोच्या रुग्णांपासून वेगळे ठेवा. गरोदर किंवा कांजिण्या न झालेल्या सिस्टरने त्यांची ड्युटी घेऊ नये.

पूर्वी लाईट घेतलेल्या जागीच, नवी केमो सुरू होताच पुन्हा दाह उसळला, तर तेही लगेच दाखवा. डॉक्सोरुबिसिन, डोसिटॅक्सेल, जेमसायटाबिन यांनी असे होते.

घरी पाठवताना

हळद, कोरफड, तूप, टूथपेस्ट, राख यांबद्दल स्वतःहून विचारा. घरचे भीतीने लपवतात, आणि मग जखमेत काय गेले ते कळत नाही. रागावू नका. ज्या काळजीने ते हळद लावतात, त्याच काळजीने सलाईनचे ड्रेसिंग करतील, पण आधी त्यांच्या हातून एकदा करून घ्या. कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्या: कोणते क्रीम सकाळी, कोणते रात्री, काय दिसले की यायचे, वॉर्डाचा फोन नंबर कोणता. ट्यूबवर रंगीत पट्टी लावली तर वाचता न येणाऱ्या आजींनाही ओळखता येते. आरशात न दिसणाऱ्या जागा, म्हणजे पाठ, माकडहाड, तळपाय, घरातले कोण आणि केव्हा पाहणार, त्याचे नाव विचारून तेही त्या कागदावर लिहा. रेडिएशन संपवून जाणाऱ्यांना पुढच्या दोन आठवड्यांतली तपासणीची तारीख दिल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करू नका.